शेवगावहून सरखेलांच्या दर्यावर

शेवगावहून सकाळची एसटी धरली आणि तिसगाव, करंजी घाट मागे टाकून नगरच्या अलीकडे भिंगारला उतरलो. अलिबागचं तिकीट काढायचं सोडून हा माणूस मध्येच कुठे चालला, असं कंडक्टरला वाटलं असणार. पण मी निघालो होतो चाच्यांच्या गोष्टीमागे, आणि तिच्यात भिंगार येतंच.

1707मध्ये औरंगजेब नगरच्या छावणीत वारला, त्याचं स्मारक म्हणजे भिंगारचं आलमगीर. त्याआधी बारा वर्षं, सप्टेंबर 1695मध्ये, त्याचं ‘गंज-ए-सवाई’ हे जहाज हाजींना घेऊन सुरतेकडे परतत असताना हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने लुटलं. बादशहा दख्खनच्या स्वारीत गुंतलेला, आणि सुरतेचे इंग्रज व्यापारी मात्र कैदेत. एव्हरी कधीच सापडला नाही. मग इंग्लंडात कहाणी रचली गेली, की बादशहाच्या नातीशी लग्न करून तो मादागास्करचा राजा झाला! बोटीवरच्या बायकांवर प्रत्यक्षात काय गुदरलं, ते इतिहासकार खाफीखानाने लिहून ठेवलं आहे. त्यात लग्नबिग्न काही नाही.

पुण्याला गाडी बदलून खोपोली, पेण करत अलिबाग गाठलं. ओहोटी होती, टांगे पाण्यातून कुलाबा किल्ल्याकडे निघाले होते.

इंग्रजांच्या कागदांत कान्होजी आंग्रे सरळसरळ ‘चाचा’. वास्तविक 1713मध्ये बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने ते शाहू महाराजांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, झाले. त्यांचं दस्तक, म्हणजे परवाना, घेतल्याशिवाय गलबत जाऊ द्यायचं नाही, एवढाच त्यांचा गुन्हा. पोर्तुगीज तर सोळाव्या शतकापासून ‘कार्ताझ’ नावाचे पास विकत होते. मुंबईकर इंग्रजही आपले पास देत. भांडण चाचेगिरीचं नव्हतं, पास कुणाचा चालणार याचं होतं. इंग्रज कप्तान विल्यम किडने तर इंग्लंडच्या राजाचा परवाना खिशात घेऊन चाचे पकडायला म्हणून निघून व्यापारी जहाजंच पकडली; 1701मध्ये त्याला फाशी झाली. त्याच्याही बचावात कागदच होते, पण ते खटल्याच्या वेळी गायब झाले.

1721मध्ये इंग्रज-पोर्तुगीजांनी मिळून कुलाब्यावर चाल केली आणि हात हलवत परतले. तटावर उभं राहून ते दृश्य डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला, पण शेजारची मुलं सेल्फीसाठी माझ्या अंगावरून पलीकडे जात होती. उत्तरेच्या तटाजवळ चाकांवरच्या दोन तोफा आहेत. त्या कान्होजींच्या खूप नंतरच्या, यॉर्कशायरच्या कारखान्यात ओतलेल्या. माहिती न घेता आलेले बहुतेकजण त्यांनाच सरखेलांच्या तोफा समजून फोटो काढतात.

आंग्र्यांचा खरा घात घरातूनच झाला. 1756मध्ये तुळाजी आंग्र्यांना नमवायला नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांना सोबत घेतलं आणि विजयदुर्गाच्या बंदरात मराठ्यांचं आरमार इंग्रज नौदलाच्या वॉटसनच्या तोफांनी जाळलं. पेशव्यांच्या हिशेबात तुळाजी डोईजड झाले असतील, पण हा सौदा मला आजही पटत नाही. पुढे 2007च्या एका हॉलिवूडपटात ‘संभाजी आंग्रे’ नावाचा चाच्यांचा सरदार आला. कान्होजींच्या मुलाचं नाव, पात्र मात्र इंग्रजी कागदांतलंच.

परतीच्या टांगेवाल्याला विचारलं, “काका, किल्ल्यात खजिना आहे म्हणतात, खरं का?”

“असता तर आम्ही टांगा हाकला असता का?” म्हणून त्याने घोडा पिटाळला, कारण पाणी चढायला लागलं होतं.