पलंगाखालच्या दोन सायकली

मोझेल नदी सरळ जायचं नावच घेत नाही. फ्रान्समधल्या व्होज डोंगरात ती उगम पावते, लक्झेंबर्गच्या सीमेवरून जर्मनीत शिरते आणि सुमारे ५४५ किलोमीटरचा प्रवास करून कोब्लेंझला ऱ्हाइनला मिळते. ट्रिअर सोडल्यावर तिची वळणं सुरू होतात. कोखेम आणि एलर या दोन गावांमध्ये रेल्वेचा ४.२ किलोमीटरचा बोगदा आहे. तेच अंतर नदीकाठाने जायचं म्हटलं तर वीसेक किलोमीटर होतं. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे, आणि उतार इतके उभे की खालून पाहिलं तर वाटतं, माणूस इथे उभा तरी कसा राहत असेल! एलरजवळच्या काल्मोंट नावाच्या उतारावर तर चढ ६५ अंशांपर्यंत जातो.

नदीकाठाने सायकलींचा वेगळा रस्ता आहे. तो बहुतेक सपाट आहे, कारण नदीबरोबरच चालतो. काठावरची गावं जुनी, लाकडी चौकटींच्या घरांची. गल्ल्या बैलगाडीच्या काळातल्या. आमची कॅम्पर व्हॅन ५.९९ मीटर लांब आणि आरसे सोडून २.०५ मीटर रुंद. अशा गल्लीत ती शिरली तर तिला उलटं काढायला अख्खं गाव जमेल. म्हणून गाडी वेशीवर, नदीकाठच्या कॅम्पर तळावर लावायची आणि पुढे पायी किंवा सायकलने जायचं. सायकल हवी तर ती बरोबर न्यायला हवी, आणि बरोबर न्यायची तर ठेवायची कुठे, हे ठरवायला हवं. हा लेख त्या 'कुठे'बद्दल आहे.

मी मूळचा बडोद्याचा. बीई होऊन सॉफ्टवेअरमध्ये शिरलो आणि नोकरीमुळे नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला आलो. तिथे आम्ही दोघांनी जुनी फियाट ड्युकाटो घेतली, आत ओटा, न्हाणीघर आणि पलंग असलेली. सोबत घडी होणाऱ्या दोन इलेक्ट्रिक सायकली. गेल्या जूनमध्ये आई-बाबा बडोद्याहून आले आणि आम्ही चौघं मोझेलला निघालो. बाबा ६८ वर्षांचे. गुडघे झिजलेत, अर्ध्या किलोमीटरनंतर बाक शोधावा लागतो. पण सायकल चालवायला डॉक्टरांची ना नव्हती. म्हणजे बाबांनी गाव पाहायचं की गाडीत बसून राहायचं, हे त्या दोन सायकलींवर ठरणार होतं.

सायकली गाडीमागे रॅक लावून नेणारे पुष्कळ आहेत. त्यात चूक काही नाही, पण आमचा हिशेब वेगळा निघाला. रॅक आणि दोन मोठ्या इलेक्ट्रिक सायकली मिळून वजन सहज ६० किलोंवर जातं, आणि ते टांगलेलं असतं मागच्या चाकांच्या मागे सुमारे १.४ मीटरवर. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर चार मीटर. सी-सॉसारखं गणित केलं की पुढच्या चाकांवरचा साधारण २० किलो भार कमी होतो. ड्युकाटो पुढच्या चाकांवर ओढते. ओल्या गवतावर गाडी रुतली की हे वीस किलो आठवतात. शिवाय पाऊस, चोरी, आणि मागची दारं उघडायची तर आधी रॅक हलवा. इटली-स्पेनमध्ये मागे लोंबणाऱ्या सामानाला पट्ट्यापट्ट्यांची पाटी लावावी लागते, ते निराळंच.

म्हणून सायकली आत. आमची सायकल ब्रॉम्प्टन जातीची: १६ इंची चाकं, पुढच्या चाकात मोटर. घडी घातली की साधारण ५९ सेंटिमीटर उंच, ५७ लांब आणि २७ रुंद, म्हणजे मोठ्या सूटकेसएवढी. बॅटरीसकट वजन सुमारे १७ किलो, त्यातली ३ किलोंची बॅटरी समोरच्या पिशवीत असते आणि एका कळीसरशी सुटते. घडीत साखळी दोन चाकांच्या मध्ये जाते, त्यामुळे तेलाचे डाग गादीला लागत नाहीत. आमचा पलंग मागच्या बाजूला आडवा आहे आणि त्याखाली ६५ सेंटिमीटर उंचीची मोकळी जागा आहे. दोन्ही सायकली तिथे शेजारी शेजारी उभ्या राहतात. २० इंची चाकांची घडीची सायकल घेणार असाल तर आधी टेप घेऊन पलंगाखाली वाका. जाहिरातीत घडी नेहमी लहान दिसते.

जागा मिळाली म्हणजे काम झालं असं नाही. आमच्या गाडीत पुढे दोन आसनं, त्यामागे पट्टे असलेलं दोघांचं बाक, मग न्हाणीघर आणि ओटा, आणि शेवटी पलंग. एरवी ते बाक रिकामंच असतं. या वेळी तिथे आई-बाबा बसणार होते. त्यांच्या पाठीमागे न्हाणीघराची पातळ प्लायवूडची भिंत आणि तिच्यामागे ३४ किलो लोखंड. नेहमीच्या जोरदार ब्रेकला एक सायकल तिच्या वजनाच्या ऐंशी टक्के जोराने पुढे ढकलली जाते, म्हणजे १४ किलोंनी. ते भिंत सोसेल. पण धडक झाली तर? अभियंते अशा वेळी वजनाच्या वीसपट जोर धरून चालतात. ३४ गुणिले २० म्हणजे ६८० किलो, आणि तोही आईच्या पाठीत. हा आकडा कागदावर लिहिल्यावर मी जेवणाचं ताट बाजूला ठेवलं आणि खाली गाडीपाशी गेलो.

व्हॅनच्या मालवाहू भागात जमिनीला लोखंडी कड्या असतात. आमच्या गाडीत त्या पलंगाखालीच आहेत, रंगाने झाकलेल्या. प्रत्येक सायकलीला दोन रॅचेटचे पट्टे लावले, एक चौकटीच्या मुख्य नळीतून आणि एक सीटच्या खांबाखालून, दोन्ही तिरपे मागे ओढून. पट्टा घेताना त्याच्या लेबलवर 'एलसी' आणि पुढे डेकान्यूटनमध्ये आकडा असतो. एक डेकान्यूटन म्हणजे ढोबळमानाने एक किलोचा जोर. आमच्या पट्ट्यांवर ५०० आहे. दुकानातले रंगीत रबरी आकडे मात्र सामान बांधायला नाहीत, छत्री अडकवायला ठीक आहेत. सायकलींखाली जाड रबराची चटई घातली, म्हणजे त्या घसरतही नाहीत आणि खडखडतही नाहीत. एक साधी खूण: बांधून झाल्यावर सायकल धरून हलवा. सायकलीसोबत गाडी हलली तर बांधणी बरोबर.

बॅटरी मात्र सायकलीबरोबर ठेवत नाही. तिची जागा पुढच्या कपाटात खाली, हीटरपासून दूर आणि दारापासूनही दूर. लिथियमची बॅटरी पेटण्याचा संभव कमी असतो, पण पेटलीच तर विषारी धूर होतो, आणि आमच्या घराला बाहेर पडायला दोनच वाटा आहेत: सरकतं दार आणि मागची दारं. त्या दोन्हींच्या आड बॅटरी येऊ द्यायची नाही. झोपेत चार्जिंग नाही. शून्य अंशाखाली थंडी असेल तर चार्जिंगच नाही. उन्हात बंद गाडीत सोडायची नाही. बरेच दिवस वापरायची नसेल तर निम्म्याच्या आसपास भरून ठेवायची.

चार्जिंगचंही गणित आहे. एका बॅटरीत ३०० वॅट-अवर ऊर्जा मावते. दोन्ही रिकाम्या झाल्या तर इन्व्हर्टरमधली गळती धरून ७०० वॅट-अवर लागतात. आमच्या घरातल्या दिव्यांच्या बॅटरीत ९५ अँपिअर-अवर आहेत, म्हणजे ११४० वॅट-अवर. पण ती जुन्या धाटणीची असल्याने त्यातलं अर्धंच काढावं. तेव्हा गाडीच्या बॅटरीवर सायकली भरण्याचा विचार सोडलेला बरा. तळावर नाणं टाकून वीज मिळते, तिथे दुपारी स्वयंपाक चालू असताना, म्हणजे माणूस जवळ असताना, भरून घ्यायच्या. सपाट रस्त्यावर एका किलोमीटरला साधारण १० वॅट-अवर पुरतात. दहा-बारा किलोमीटरच्या फेरीला बॅटरीचा निम्म्याहून कमी भाग लागतो.

निघायच्या आदल्या दिवशी गाडी वजनकाट्यावर नेली. साध्या कारच्या परवान्यावर ३५०० किलोंपर्यंतच गाडी चालवता येते. पाण्याची टाकी भरलेली, गॅस, भांडी, सायकली आणि आम्ही दोघं: ३३४५. आई-बाबा आणि त्यांच्या बॅगा मिळून १६५. झाले ३५१०. दहा किलो जास्त. बायको म्हणाली, "सायकली काढल्या तर प्रश्नच मिटतो." हिशेबाने ते सगळ्यात सोपं होतं. पण ज्यांच्यासाठी मोझेल निवडली, त्यांचे पाय घरी ठेवून जाण्यासारखं ते झालं असतं. मग पाण्याची टाकी १०० ऐवजी ४० लिटर भरली, ६० किलो गेले. बाहेर मांडायचं टेबल आणि चार खुर्च्या काढल्या, आणखी २२. आईच्या लोणच्याच्या बरणीवर चर्चा झाली, ती राहिली. पाणी तर दर तळावर मिळतंच.

आमचा तळ कोखेमच्या वरच्या अंगाला पाचेक किलोमीटरवर होता. रात्री आई-बाबा एका द्राक्ष बागायतदाराच्या घरी खोली घेऊन राहत, आम्ही गाडीत. पहिल्या दोन सकाळी बाबांनी तळावरच्या मोकळ्या जागेत सराव केला. लहान चाकांची सायकल हँडलच्या बारीक हालचालीलाही लगेच वळते, त्याची सवय व्हावी लागते. मोटरची मदत पेडल मारलं तरच मिळते आणि ताशी २५ किलोमीटरला थांबते. बाबांनी ती सगळ्यात कमी मदतीवर ठेवली. "मीच चालवतोय असं वाटायला हवं," म्हणाले.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं कोखेमला गेलो. आई आणि बायको बसने आल्या. वाटेत बाबा एकदाही थांबले नाहीत, मीच दोनदा थांबलो, फोटोसाठी. कोखेमच्या डोक्यावर राइश्सबुर्ग किल्ला आहे. १६८९ मध्ये फ्रेंच फौजेने तो उद्ध्वस्त केला आणि पुढे १८६८ पासून बर्लिनच्या एका उद्योगपतीने तो पुन्हा बांधवला. तो खालूनच पाहिला. गल्लीत कॉफी घेताना बाबांनी सायकल घडी करून टेबलाखाली सरकवली, आणि शेजारच्या टेबलावरच्या आजोबांना खुणांनी ती कशी उलगडते ते दाखवलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. वीस मिनिटं बोलत होते.

परतताना पाऊस आला. ओली सायकल पलंगाखाली गेली की रात्री खिडक्यांना पाणी सुटतं आणि गादीला वास येतो. आईने यावर बडोद्याचा उपाय काढला. तिने जुन्या चादरीच्या दोन खोळी हाताने शिवल्या. आधी फडक्याने चाकं पुसायची, मळ्यातला पाटीच्या दगडाचा काळा चिखल निपटायचा, मग खोळ चढवायची. खोळ सकाळी दोरीवर वाळत टाकायची. आमच्या दांडिया बाजारातल्या जुन्या घरी बाबांची सायकल रात्री जिन्याखाली असे, पावसाळ्यात तिच्याखाली गोणपाट. आई म्हणाली, "तेच केलंय. जिना तेवढा चालता आहे."

आपल्यापैकी कुणी युरोपात अशी गाडी भाड्याने घेणार असेल, तर ठरवण्याआधी तीन गोष्टी विचारा: पलंगाखालच्या जागेची उंची किती, जमिनीला बांधायच्या कड्या आहेत का, आणि सगळं भरल्यावर किती किलो शिल्लक राहतात. घडीची इलेक्ट्रिक सायकल भारतातून विमानाने नेण्याचा बेत मात्र करू नका. प्रवासी सामानात १६० वॅट-अवरच्या वरची बॅटरी चालत नाही, आणि सायकलीची बॅटरी बहुधा त्याहून मोठी असते. तिकडेच भाड्याने मिळते. आपल्याकडेही २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंतच्या सायकलीला नोंदणी लागत नाही. बडोद्याहून पावागढला किंवा गोव्याला जाताना ती गाडीच्या डिकीत टाकणारे आता दिसू लागलेत. मागच्या सीटची पाठ पाडून, मुलांच्या शेजारी, न बांधता सायकल ठेवलेली मी पाहिली आहे. मुलांना पट्टा लावता, तसा तिलाही लावा. दोन पट्टे आणि पाच मिनिटं लागतात.

मोझेलच्या परतीच्या सकाळी पट्टे आवळायचं काम बाबांनी आपणहून घेतलं. आवळून झाल्यावर सायकल धरून हलवून पाहिली, गाडी हलली, आणि मगच ते बाकावर जाऊन बसले.