कॉलमवर संशय घेण्याआधी

मुरबाड

चि. भाचीस,


सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाडीतून नेलेल्या अबईच्या बियांमधलं प्रथिन कॉलममधून फार उशिरा उतरतं, म्हणून तू पंप नि कॉलम दोन्ही बदलायला निघालीस. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी व्हायला नको. मिनिटं मोजू नकोस, मिलिलिटर मोज. तेही पडद्यावरचे नव्हेत, कारण पंप मंदावला तरी संगणक ठरवून दिलेल्या वेगानेच हिशेब करत राहतो. बाहेर पडणारा बफर मोजपात्रात धर. मग तुझं प्रथिन न घालता नुसती ठाऊक असलेली स्टँडर्ड प्रथिनं चालव. तीही सरकली असतील तर दोष यंत्राचा किंवा कॉलमचा. ती जागच्या जागी असतील, तर कॉलमला बोल लावण्यात अर्थ नाही.

तुझा कॉलम २४ मिलीचा सुपरडेक्स. आकारानुसार वेगळं करणाऱ्या जेलमध्ये सर्वांत मोठे रेणू सुमारे ८ मिलीला येतात, आणि कितीही चिमुकला रेणू असला तरी २४ मिलीच्या आत बाहेर पडायलाच हवा. तुझ्या प्रथिनाचा पीक त्यापुढे आहे, शिवाय मागे लांब शेपूट आहे. प्रथिन लहान आहे म्हणून असं होत नाही. जेलने ते धरून ठेवलंय. आता सुपरडेक्समध्ये डेक्स्ट्रान असतं, म्हणजे ग्लुकोजच्याच साखळ्या. आणि अबईच्या सख्ख्या बहिणीत, जॅक बीनमध्ये, ग्लुकोज-मॅनोजला चिकटणारं कॉनकॅनावॅलिन ए असतं. समनरने १९१९ मध्ये त्याचे स्फटिक मिळवले. १९६५ मध्ये अगरवाल आणि गोल्डस्टाइन यांनी दाखवलं की ते सेफाडेक्सला, म्हणजे डेक्स्ट्रानच्याच जेलला, बिलगतं आणि ग्लुकोज घातल्यावर सुटतं. तुला जो उपद्रव वाटतोय, तीच त्यांची शुद्धीकरणाची रीत झाली.

तू म्हणशील, विद्युतभारामुळेही प्रथिन चिकटतं, लायसोझाइम चिकटतं तसं. बरोबर. म्हणूनच दोन्ही गोष्टी एकदम बदलू नकोस. आधी फक्त मीठ १५० वरून ३०० मिलिमोलरवर ने. पीक लवकर येऊ लागला तर भाराचा प्रश्न. हलला नाही, तर जुन्या मिठावर परत येऊन बफरमध्ये ग्लुकोज घाल. त्याने पीक जागेवर आला, तर साखरेची ओढ सिद्ध झाली. एवढ्यावरून प्रथिनाचं नाव मात्र लगेच लिहू नकोस.

मग दुसरी शंका येईल: ग्लुकोज घातल्यावर प्रथिन आता अपेक्षेपेक्षा लवकर का येतंय? कॉनकॅनावॅलिनचा एक घटक सुमारे २६ किलोडाल्टनचा, पीएच ५.५ च्या खाली दोन घटक जोडीने असतात, ७ च्या वर चार. म्हणजे तटस्थ बफरमध्ये १०४ किलोडाल्टनच्या आसपास दिसणं हे गुठळी झाल्याचं लक्षण नव्हे. गुठळ्या ८ मिलीजवळ येतील, तिथे बघ.

आणि पुढच्या बिया वाडीतल्या परसातल्याच घे. वरचं रान भीमाशंकर अभयारण्यातलं आहे, तिथून काही तोडता येत नाही. शिवाय रानातला वेल दुसऱ्याच जातीचा निघाला तर आधीच्या रनशी तुलना करता येणार नाही. मोजपात्राचे आकडे कळव.

तुझा मामा