खेळ की पुस्तक, असे विचारणाऱ्यांना



स्वतंत्र भारताच्या फुटबॉल संघाचा पहिला ऑलिंपिक कर्णधार कोण, हा प्रश्न आम्ही अभ्यासिकेत विचारला, तेव्हा एकही हात वर झाला नाही. आश्चर्य वाटले नाही. शाळेच्या पुस्तकात ते नाव आहेच कुठे?

नाव डॉ. तालिमेरेन आओ. जन्म १९१८, नागा टेकड्यांतील चांगकी गाव. बचाव सांभाळणारा खेळाडू, त्या काळच्या भाषेत हाफ-बॅक. वडील धर्मोपदेशक. मुलाने डॉक्टर होऊन आपल्या माणसांत परतावे, ही त्यांची इच्छा; मुलगा विशीत यायच्या आतच ते टायफॉइडने गेले. आओ गुवाहाटीच्या कॉटन कॉलेजात शिकले, खेळले. १९४२ साली कलकत्त्याच्या कारमायकेल मेडिकल कॉलेजात त्यांना प्रवेश मिळाला. कसा? राखीव जागेवर. गुणवत्तेच्या ठेकेदारांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

तिथेच मोहन बागानने त्यांना घेतले. एकीकडे शवविच्छेदन, दुसरीकडे मैदान. १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकच्या संचलनात देशाचा ध्वज त्यांच्या हाती होता. ३१ जुलैला फ्रान्सविरुद्ध भारत २-१ ने हरला. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी होते, दोन पेनल्टी वाया गेल्या. हरलो, पण लाज वाटावी असे हरलो नाही. एमबीबीएसची पदवी मात्र १९५० साली मिळाली. प्रवेशानंतर आठ वर्षांनी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी!

आमचा मुद्दा या आठ वर्षांपाशी आहे. आमच्या वस्तीतली एक मुलगी महाविद्यालयीन संघात बचावपटू आहे. स्पर्धांमुळे हजेरी कमी भरली, तेव्हा तिला सुनावले गेले, "एक काय ते ठरव, तुमच्या लोकांना दोन्ही झेपत नाही." हजेरी गेली की शिष्यवृत्ती अडते, शिष्यवृत्ती अडली की शिक्षण सुटते. पैसेवाल्याच्या पोराचे वर्ष वाया गेले तर बाप फी भरतो. आमच्या पोरीचे वर्ष गेले की घरात लग्नाच्या गोष्टी सुरू होतात. 'एक काय ते ठरव' हा सल्ला सगळ्यांना सारखा लागू पडत नाही, तो असा.

कोणी म्हणेल, आओ नागा ख्रिस्ती होते, जातीचा जाच त्यांनी कुठे भोगला? मान्य. तो जाच पाहायचा तर पुण्या-मुंबईचे पाळवणकर बाळू पाहा. हिंदू संघाचा सर्वांत मोठा गोलंदाज, पण चांभाराच्या घरचा म्हणून कर्णधारपद कधी दिले नाही. (पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले, ती गोष्ट वेगळी, अन्याय त्याने पुसला जात नाही.) दोघांना जोडणारी गोष्ट इतकीच, की संधी मिळाली तिथे दोघांनीही ती सोने करून दाखवली.

आओ १९५३ मध्ये कोहिमाला गेले. नागालँड राज्य झाल्यावर आरोग्य सेवेचे संचालक झाले, १९७८ ला निवृत्त झाले. कलकत्त्यात नाव आणि पैसा असताना डोंगरात परतले. बाबासाहेबांना शिकलेल्या माणसाकडून याहून वेगळे काय हवे होते?

आमची मागणी साधी आहे. विद्यापीठाच्या स्पर्धेचे दिवस हजेरीत धरा, आणि बुडालेली परीक्षा त्याच सत्रात पुन्हा घ्या. राज्याच्या नोकरभरतीत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. पण पदवीच्या आधीच पोर गळली तर त्या जागांवर बसणार कोण? हे निवेदन घेऊन आम्ही सोमवारी प्राचार्यांकडे जात आहोत. ज्यांना यायचे त्यांनी अकराला फाटकापाशी यावे.