कोणता फोटो पाठवायचा नाही

जुन्नर तालुक्यात शेतीपंपाची वीज पुष्कळदा रात्रपाळीची असते. पाण्याची दारं धरायला माणूस हातात बॅटरी घेऊन उसात उतरतो, आणि बिबट्याचा मुक्कामही त्याच उसात. लपण, पाणी, वस्तीवरची कुत्री-शेळ्या सगळं जवळ, म्हणून मादी तिथेच पिल्लं घालते. अशा शेतांच्या बांधांवर मी आणि माझे सहकारी कॅमेऱ्याच्या पेट्या बसवतो. वायर कुठेच नेता येत नाही आणि मोबाईलची रेंज बेभरवशाची.

पेटीत ईएसपी३२ चिप, नखाएवढा कॅमेरा, अंगाची ऊब टिपणारा पीआयआर सेन्सर, लोरा रेडिओ, १८६५० मापाचा एक सेल, आणि वर लहानसं सोलर पॅनेल. झोपलेली चिप काही मायक्रोअँपिअरवर भागवते. जागी होऊन फोटो काढू लागली की खर्च शंभर मिलिअँपिअरच्या पुढे जातो. ३२० बाय २४० चा कृष्णधवल फोटो म्हणजे ७६,८०० बाइट. जेपीईजी करून तो आठेक केबीवर येतो. पण लोराच्या सर्वांत लांब पल्ल्याच्या सेटिंगवर सेकंदाला ३०० बिटसुद्धा जात नाहीत. म्हणजे एका फोटोला साडेतीन मिनिटांच्या वर, आणि तेवढा वेळ रेडिओ सेल पीत राहणार.

एका शेतकरी बाईंनी विषयच संपवला. "ताई, अंधारात मोटरीपाशी उभी मी, फोटो कधी बघू? कुठल्या बांधाला आलाय तेवढं कळवा, म्हणजे मी वस्तीवरच थांबन."

तेव्हापासून ओळखायचं काम पेटीकडेच दिलं. चित्र ९६ बाय ९६ पर्यंत लहान करून ती त्यावर छोटं मॉडेल चालवते. बिबट्या वाटला तर फक्त पेटीचा क्रमांक, वेळ आणि खात्री किती, एवढे मोजके बाइट जातात. फोटो पेटीतल्या कार्डावर राहतो. कोणी मागितलाच तर दुपारी, पॅनेलला ऊन असताना पाठवायचा.

दुपारचं ऊन मात्र दुसरा त्रास देतं. तापलेली पानं वाऱ्याने हलली की पीआयआर फसतो आणि पेटी उगाच जागी होते. म्हणून आधी अगदी खडबडीत चित्र घेऊन मागच्या चित्राशी ताडायचं. बदल चित्रभर विखुरलेला असेल तर ऊस हलतोय, एकाच जागी गोळा झालेला असेल तर कोणीतरी आहे. रात्री कोळी छळतो. भिंगासमोर जाळं विणलं की पेटीच्या इन्फ्रारेड दिव्यात एकेक धागा पांढराफटक चमकतो आणि मागचा बांध दिसेनासा होतो. त्यावर मला प्रोग्राम सुचलेला नाही. फडक्याने पुसून काढतो.

सगळ्यात आधी सेल संपला तो वस्तीजवळच्या पेटीचा. तिच्यासमोर जनावर फारसं येतच नव्हतं. पण लांबच्या पेट्यांचे निरोप तिच्यातूनच गेटवेला, म्हणजे ते पुढे फोनवर धाडणाऱ्या यंत्राला, जात, आणि दुसऱ्यांचं ऐकण्या-सांगण्यातच तिची वीज जाई. ती बंद पडली की पलीकडच्या धडधाकट पेट्याही मुक्या. आता तिचा कॅमेरा काढलाय, सेल दोन दिलेत, आणि निरोप पोचवणं हेच तिचं काम. शेजारशेजारच्या दोन पेट्यांना तोच बांध दिसत असेल तर एकीलाच जागं करतो. कोणाला, ते त्या संध्याकाळी कोणाचा सेल जास्त भरलाय त्यावर ठरतं.

पावसाळ्यात आभाळ दिवसेंदिवस उघडत नाही आणि सेल भरत नाहीत. अशा वेळी काय बंद करायचं यावरून आमच्यात अजून वाद होतात. ओळखणं थांबवून नुसता पीआयआर चालू ठेवला तर वीज वाचते, हे खरं. पण मग कुत्रं गेलं तरी फोन वाजणार. दोनदा फुकट धावपळ झाली की माणूस तिसऱ्यांदा फोन बघत नाही, आणि मला भीती त्या तिसऱ्या वेळेची वाटते. म्हणून माझा आग्रह असतो की दिवसा पेट्या पूर्ण झोपवा, मागितलेले फोटो ऊन पडेपर्यंत थांबवा, पण दारं धरायच्या वेळेत ओळखणं चालूच राहू द्या. या आठवड्याची वीज रात्रीची आहे. पेट्याही त्याच वेळेला लावल्या आहेत.