आतली माया

शिवणकामात 'माया' म्हणजे शिवणीच्या आत राखून ठेवलेलं जास्तीचं कापड. बाहेरून ते दिसत नाही. पुढेमागे कपडा घट्ट झाला तर उसवून वाढवता यावा म्हणून ते सोडतात. त्या पट्टीला हा शब्द ज्या कुणी पहिल्यांदा लावला ती बाई असणार, आणि आई असणार, असं मला लहानपणापासून वाटत आलं आहे.

माझी आई सांगलीच्या गावभागात, दोन खोल्यांच्या घरात, उषाच्या पायमशीनवर शेजारपाजारच्या बायकांचे ब्लाउज शिवायची. मापाचं ब्लाउज, खण, अस्तर, हुकांची पुडी अशी प्रत्येकीची पिशवी वेगळी. टेप कायम गळ्यात. बगलेखालच्या शिवणीला ती पाव-पाव इंचावर तीन टिपा मारायची. अंगालगतची टीप उसवली की दोन्ही बाजूंचे चार पदर मिळून एक इंच सुटतो, दुसरी उसवली की आणखी एक. 'वहिनी, एवढी माया कशाला, आत जाड होतंय,' असं कुणी म्हणालं तर आईचं उत्तर ठरलेलं, 'राहू दे. कापड काय खायला मागतंय?' गिऱ्हाइकांतली कोण नवी नवरी आहे, कुणाकडे पाळणा हलायचाय, हे तिला ठाऊक असायचं आणि त्या हिशेबानं आतली पट्टी रुंद व्हायची.

माझ्या कपड्यांना ती चार टिपा मारायची. मी पहिल्यापासून अंगानं भरलेली. दर जूनमध्ये ती ब्लेडनं युनिफॉर्मची एक टीप उसवायची आणि आतून रंग न उडालेली गर्द निळी पट्टी बाहेर यायची, कडेला सुईच्या भोकांची रांग. बाकीचा युनिफॉर्म धुऊन धुऊन विटलेला. वर्गातल्या मुलींना ती पट्टी दिसायची. गेल्या वर्षीपेक्षा मी किती वाढले हे त्यांना तिच्यावरून वाचता यायचं.

त्या मला टुणटुण म्हणायच्या. आमच्या पिढीतल्या प्रत्येक जाड मुलीनं हे नाव झेललं आहे. फार उशिरा मला कळलं की टुणटुण म्हणजे उमादेवी ही आधी गायिका होती. 'दर्द' या 1947 च्या चित्रपटात नौशादांच्या संगीतात तिनं गायलेलं गाणं देशभर गाजलं होतं. 1950 च्या 'बाबुल'पासून ती पडद्यावर आली, तिला टुणटुण हे नाव मिळालं, आणि पुढे लोकांनी तिच्या अंगाकडे बघून हसायचं एवढंच उरलं. तिचं ते गाणं मी पहिल्यांदा लक्ष देऊन ऐकलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. असा गळा असलेल्या बाईचं नाव आम्ही शिवी म्हणून वापरत होतो.

लग्नात आईनं हिरव्या इरकलीवर खणाचं ब्लाउज शिवून दिलं. माझ्या आयुष्याची नोंद डायरीत कुठे नाही, त्या ब्लाउजच्या बगलेत आहे. थोरल्या मुलीच्या बारशाला पहिली टीप उसवली. धाकट्याच्या वेळी दुसरी. सासूबाई अंथरुणाला खिळल्या ती चार वर्षं मी रात्री दोनला उभ्याउभ्या जे सापडेल ते खायची, त्या काळात तिसरी. मग उरली ती शेवटची, चौथी. एका गौरीच्या सणाला ब्लाउज अंगात शिरेना. आईनं ते उलटं करून पाहिलं, शिवणीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, 'माया संपली गं.' तिनं बगलेत दुसऱ्या कापडाचा तुकडा जोडून दिला. खणाच्या कुंकवी रंगाला त्याचा रंग जुळत नव्हता.

2021 साली माझं वजन 96 किलो होतं. उजव्या गुडघ्यानं जिना चढायला नकार दिला होता आणि रक्तातली साखर हद्दीवर आली होती. पुढच्या दोन वर्षांत मी 64 वर आले. कसं केलं हे लोकांना सविस्तर हवं असतं. मला त्यात फारसं सांगण्यासारखं वाटत नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ताटातलं बदललं, रात्रीचं खाणं सुटलं, आणि पुण्यात सहकारनगरच्या घरातून रोज पहाटे तळजाईच्या टेकडीवर चालायला गेले. पाऊस असो नसो.

एक गोष्ट मात्र मला इतकी नवलाची वाटली की मी ती भेटेल त्याला सांगत सुटले. अंगातली चरबी जाते कुठे? मला वाटायचं, घामातून जात असेल, किंवा उष्णता होऊन विरत असेल. 2014 मध्ये रूबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन या ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी याचा हिशेब मांडून छापला. दहा किलो चरबी जळली तर तिच्यातली 8.4 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडते, उरलेल्या 1.6 किलोंचं पाणी होतं. माझी सगळी घट चरबीचीच होती असं धरलं, तर 32 पैकी जवळजवळ 27 किलो मी उच्छ्वासातून सोडले. टेकडीवर गिरिपुष्पाची दाट झाडी आहे. फेब्रुवारीच्या शेवटाला पानं झडून फांद्या फिक्या गुलाबी फुलांनी भरतात. झाडं हवेतला हाच वायू घेऊन वाढतात. तिथून जाताना मी एखाद्या खोडाला हात लावते. माझं काहीतरी त्यात असेल, असं मनापासून वाटतं.

गुडघ्याचं सुख शब्दांत सांगणं कठीण. वजनातला एक किलो उतरला की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी हलका होतो, असं 2005 च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं होतं. म्हणजे माझा गुडघा दर पावलाला सव्वाशे किलोंहून जास्त ओझ्यातून सुटला. पर्वतीच्या पायऱ्या न थांबता चढून मी वर पोचले त्या दिवशी देवाला नमस्कार करायच्या आधी मी गुडघ्याला हात लावून नमस्कार केला.

पण शरीर हलकं झालं तरी मन जुन्याच मापात राहिलं. अजूनही दोन टेबलांमधून जाताना मी आडवी होते. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसण्याआधी हातानं दाबून तिचे पाय तपासते. दुकानात हात आपोआप सगळ्यांत मोठ्या मापाच्या कपड्यांकडे जातो. काचेत अचानक दिसलेल्या बाईला मी एकदा 'सरका जरा' म्हणणार होते.

शरीरानंही नवी दुखणी काढली. पहिल्या चार-सहा महिन्यांत केस मूठमूठ गळले. पुण्याची थंडी मला कधी जाणवलीच नव्हती, आता नोव्हेंबरपासून शाल लागते. पाटावर बसलं की हाडं रुततात. बांगड्या कोपरापर्यंत चढतात, अंगठीला दोरा गुंडाळावा लागतो. आणि पोटावरची, दंडांवरची कातडी सैल लोंबते. कपडा आत घेता येतो, ही आत घेता येत नाही. आंघोळीच्या वेळी तिच्याकडे पाहून सुरुवातीला किळस यायची. आता येत नाही. ती कातडी माझ्या दोन मुलांना पुरली आहे.

थोरली मुलगी सुट्टीत घरी आली तेव्हा लहानपणीसारखी माझ्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली. थोड्या वेळानं उठली आणि उशी घेऊन आली. म्हणाली, 'आई, टोचतंय.' तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पण तिच्या वाटणीची एक जागा मी न विचारता मोडून टाकली होती.

मराठीत 'तब्येत' हा शब्द प्रकृतीसाठीही वापरतात आणि अंगकाठीसाठीही. लग्नानंतर मुलगी जाड झाली की 'तब्येत सुधारली'. त्यामुळे मी उतरले तेव्हा नात्यातल्या वयस्कर बायकांनी माझा हात हातात घेऊन हळू आवाजात विचारलं, 'बरी आहेस ना? काही निघालं का?' त्यांच्या काळात माणूस असं उतरायचं ते क्षयानं, नाहीतर काळजीनं. त्यांची ती धास्ती मला आवडली. तीत जिव्हाळा होता.

मला लागलं ते कौतुक. तीस वर्षं जिच्या शेजारची सीट बसमध्ये सगळ्यांत शेवटी भरायची, तिच्याशेजारी आता लोक लगेच बसतात. दुकानदार 'या मॅडम' म्हणतो. कार्यालयात मी गेली कित्येक वर्षं जे सांगत होते तेच सांगितलं, तर माना डोलतात. लिफ्टमध्ये अनोळखी माणूस हसतो. मला हे हवं होतं, हे मी नाकारत नाही. पण रात्री अंथरुणात राग येतो. ही सगळी माणसं तेव्हाही होती, मीही तेव्हा हीच होते. हाच स्वयंपाक करणारी, हेच हिशेब चोख ठेवणारी, सासूबाईंची कूस रात्रीतून तीनदा बदलणारी. त्या 96 किलोंच्या बाईला कुणी 'या' म्हटलं नाही. माझं कौतुक करताना लोक तिच्याबद्दल वाईट बोलतात, 'किती बरं झालं, आधी अगदीच...' आणि वाक्य अर्धं सोडतात. तिची बाजू घ्यायला माझ्याखेरीज कुणी नाही. 96 किलोंचं अंग घेऊन, रोज पहाटे, लोकांच्या नजरा झेलत टेकडी चढली ती तीच. मला तर उतरल्यावरचं सोपं चालणं मिळालं.

बारीक म्हणजे निरोगी आणि शहाणा, हा समज तर माझ्याच घरात खोटा ठरला आहे. आई जन्माची किडकिडीत, आणि पन्नाशीपासून तिला मधुमेह. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनच्या जॉन युडकिन यांच्याबरोबर 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दोघांचा फोटो शेजारीशेजारी छापला होता. उंचीच्या प्रमाणात वजनाचा निर्देशांक दोघांचाही 22.3. युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिक यांच्या अंगात 21.2 टक्के. भारतीय माणूस बाहेरून बारीक आणि आतून चरबीचा असू शकतो, हे एका फोटोत मावलं. आईला कुणी कधी 'खाणं आवर' म्हटलं नाही. मला कायम म्हटलं. दोघींच्या ताटात भाकरी एकाच परातीतली.

मागच्या दसऱ्याआधी मी अकरा ब्लाउज घेऊन कोपऱ्यावरच्या शिवणाऱ्या ताईंकडे गेले. त्यांनी एकेक उलटं करून पाहिलं. 'खूप आत घ्यावं लागेल. दोन्हीकडून तीन-तीन इंच माया राहील. फुगीर दिसेल, टोचेल. कापून टाकू का?'

साधा प्रश्न होता. मला उत्तर देता येईना.

वजन उतरलं तरी चरबीच्या पेशी जात नाहीत. त्या आकसतात, संख्या तेवढीच राहते. रिकाम्या, घडी घातलेल्या, पुन्हा भरायला तयार. अमेरिकेतल्या वजन घटवण्याच्या एका टीव्ही-स्पर्धेतल्या चौदा जणांना सहा वर्षांनी तपासलं होतं, तो अभ्यास 2016 मध्ये आला. बहुतेकांचं बरंच वजन परतलं होतं, आणि विश्रांतीत त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे 500 कॅलरी कमी जाळत होतं. सहा वर्षं झाली तरी शरीर त्या उपासमारीतून बाहेर आलं नव्हतं. ते वाचलं तेव्हा मी घाबरले होते. ताईंच्या दुकानात उभी असताना पुन्हा घाबरले. माया कापली आणि मी परत भरले तर? आणि न कापता ठेवली तर रोज अंगाला तेच टोचत राहणार, की तू परत येशील. ताई कात्री हातात घेऊन थांबल्या होत्या. मी 'नंतर सांगते' म्हणून गाठोडं उचलून घरी आणलं.

दिवाळीत सांगलीला गेले. आई आता ऐंशीच्या घरात, भावाकडे असते. तिचं वजन 41 किलो. ते तिनं उतरवलेलं नाही, ते आपोआप चाललं आहे. ब्लाउज खांद्यावरून घसरत होतं, आणि ती बोलता बोलता दर मिनिटाला ते वर ओढत होती. मला पाहिल्यावर तिनं आधी माझ्या गळ्याच्या हाडांवरून बोट फिरवलं, तसंच, शिवणीवरून फिरवायची तसं. काही बोलली नाही.

दुपारी मी तिचे सहा ब्लाउज काढले. मशीन माळ्यावरून खाली घेतली, तेल घातलं, वादी चढवली. तिला टीप दिसत नाही, पण आवाज ऐकून कळतं. 'दोरा ताणलाय, सैल कर,' ती पलंगावरून म्हणाली. मी सैल केला. एकेका बाजूला दीड-दीड इंच आत घेतलं. पहिलं झालं तेव्हा तिनं ते हातात घेतलं, उलटं केलं आणि आतली रुंद पट्टी चाचपली.

'ही कशाला ठेवलीस? काप. मी आता कुठं भरणार आहे?'

'राहू दे,' मी म्हटलं. 'कापड काय खायला मागतंय?'

ती हसली. ब्लाउज अंगात घालून तिनं मला हुक लावायला जवळ बोलावलं. मी खाली वाकले तसं माझंच ब्लाउज पुढे लोंबलं. जुनं, 96 किलोंच्या वेळचं, वर साडी चापूनचोपून नेसून मी झाकलेलं.

'आणि हे काय गं? केवढं ढगळ घातलंयस,' ती म्हणाली. 'टेप कुठंय माझी? उभी राहा सरळ. हात वर कर.'