जमा आणि उणे

माणसाला मोजण्याची हौस फार. मूल जन्मले की आधी त्याचे वजन, शाळेत गेले की गुण, नोकरीला लागले की पगार आणि उतारवयात रक्तदाब! मोजण्यात वाईट काहीच नाही. वाईट एवढेच की, जे काट्यावर चढते तेवढेच खरे, असे हळूहळू आपल्याला वाटू लागते.

आमच्या जालना जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी रंगात आलेली असते. वेचणाऱ्या बाईची मजुरी किलोवर. दिवस कलला की बांधावर काटा टांगतात, गाठोडे त्याला अडकवतात, आणि मालक मोठ्याने आकडा सांगतो. ज्या बाईचा आकडा मोठा, तिच्याकडे इतर बायका कौतुकाने बघतात. पण त्याच रानात भर पावसाळ्यात वाकून वाकून जिने तण खुरपले तिला रोजाने मजुरी मिळालेली असते आणि ती कधीच खर्चून गेलेली असते. तिच्या खुरप्यामुळे किती कापूस वाढला, हे सांगणारा काटा अजून कुणी केलेला नाही.

खेळाच्या मैदानातही हाच न्याय चालतो. आमच्या जालन्याच्या विजय झोलने 2011 साली कूचबिहार करंडकात आसामच्या मुलांविरुद्ध नाबाद 451 धावा केल्या. तो आकडा गावोगाव पोचला. पुढे 2014 च्या 19 वर्षांखालील विश्वचषकात तो भारताचा कर्णधारही झाला. आम्हांला त्याचा अभिमान आहे आणि तो असावाच. परंतु एवढी प्रचंड खेळी होते तेव्हा समोरच्या टोकाला कुणीतरी उभे असतेच की! त्याने किती वेळ तग धरला, किती अवघड चेंडू स्वतःच्या अंगावर घेतले, हे कुणी विचारत नाही.

अशा साथ देणाऱ्या गड्याचे मोल करायचे कसे? या प्रश्नावर अमेरिकेतल्या बास्केटबॉलवाल्यांनी पुष्कळ डोके चालवले आहे. त्या खेळात एका बाजूचे पाच गडी मैदानावर असतात. कुणी किती गुण मिळवले, किती उसळते चेंडू पकडले, किती पास दिले, याची नोंद पूर्वीपासून होतेच. त्या नोंदीत ज्याच्या नावापुढे फारसे काही नाही, तो गडी सामान्य ठरे. मग कुणाच्या तरी लक्षात आले की, गड्याचे स्वतःचे गुण बाजूला ठेवून वेगळाच हिशेब मांडून पाहावा. तो मैदानावर असताना आपल्या संघाने किती गुण मिळवले आणि समोरच्यांनी किती? आपले तीस आणि त्यांचे बावीस झाले असतील, तर त्याच्या खात्यावर आठ जमा. उलट झाले तर आठ उणे.

हा हिशेब आपल्या घरांतून फार जुना आहे. आई आठ दिवस माहेरी गेली म्हणजे तो आपोआप मांडला जातो. दूध उतू जाते, शाळेचे डबे राहून जातात, आजोबांचे औषध चुकते. आणि ती कोणते काम करत होती हे कळण्याऐवजी, तिच्यामुळे बाकीच्यांची कामे कशी होत होती हे कळते.

ह्यूस्टन रॉकेट्स या संघात शेन बॅटिए नावाचा असाच एक खेळाडू होता. मायकेल लुईस या लेखकाने 2009 साली त्याच्यावर एक सुरेख लेख लिहिला. बॅटिएच्या नावापुढचे आकडे पाहिले तर दखल घ्यावी असे काही नव्हते. पण तो मैदानावर आला की सोबत्यांचा खेळ सुधारे आणि प्रतिस्पर्ध्यांचा बिघडे. कोबी ब्रायंटसारख्या बलाढ्य खेळाडूला अडवताना चेंडू हिसकावून घेण्याच्या भरीस तो पडत नसे. ब्रायंटचा नेम जिथून कमी लागतो, तिकडे तो त्याला ढकलत नेई. ब्रायंटचा चुकलेला नेम ब्रायंटच्या खात्यात लिहिला जाई. बॅटिएच्या खात्यात काहीच लिहिले जात नसे.

हे वाचत असताना माझ्या डोळ्यांपुढे मात्र दुसराच माणूस उभा राहिला. तो आपला एकनाथ सोलकर. मुंबईच्या हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा हा मुलगा. कारकीर्द संपल्यावरचे त्याचे आकडे पाहा: 27 कसोट्या, 1068 धावा, सरासरी 25.42, शतक एकच, बळी 18. एखाद्या परक्या माणसाने हा तक्ता वाचला तर तो म्हणेल, ठीक आहे, बेताचा खेळाडू. पण 1971 सालच्या दोन दौऱ्यांचा हिशेब आपण जमा-उणे पद्धतीने मांडून पाहू.

त्या वर्षी वेस्ट इंडीजमध्ये भारताने पहिल्यांदाच मालिका जिंकली. सुनील गावसकरच्या 774 धावा आणि दिलीप सरदेसाईच्या 642, हे आकडे क्रिकेटप्रेमी घरांतून आजही पाठ असतात. सरदेसाईने त्या मालिकेत तीन शतके ठोकली: किंग्स्टनला 212, पोर्ट ऑफ स्पेनला 112 आणि ब्रिजटाउनला 150. आता या तिन्ही डावांत मोठ्या भागीदारीत समोर कोण होते ते बघा. किंग्स्टनला 5 बाद 75 अशी दाणादाण उडाली असताना सोलकर आला. 137 धावांची भागी झाली. पोर्ट ऑफ स्पेनला 114 धावांची भागी, पुन्हा सोलकर. ब्रिजटाउनला 6 बाद 70, आणि मग 186 धावांची भागी, तिथेही सोलकरच. तीन भागीदाऱ्या मिळून 437 धावा. त्या तीन डावांत सोलकरच्या स्वतःच्या धावा 61, 55 आणि 65, म्हणजे अवघ्या 181.

वजाबाकी करून पाहा. किंग्स्टनला भारताच्या 387 धावा झाल्या आणि वेस्ट इंडीज 217 वर आटोपले. पहिला दिवस पावसाने वाया गेल्यामुळे 150 धावांची आघाडी फॉलो-ऑनला पुरेशी होती, आणि अजित वाडेकरने तो दिला. ती भागी नसती तर ही संधी आलीच नसती. ब्रिजटाउनला समोर 501 धावांचा डोंगर होता. 347 मधून 186 काढा, मग भारतावरच फॉलो-ऑनची पाळी येते, आणि मिळवलेली आघाडी धोक्यात. अर्थात वजाबाकी इतकी सरळ नसते. सोलकर नसता तर दुसरा कुणी आला असता, त्यानेही थोड्याफार धावा केल्या असत्या. आणि भागीतला मोठा वाटा सरदेसाईचा आहेच. बास्केटबॉलवाल्यांनाही ही अडचण आली. चार उत्तम सोबती मिळाले तर पाचवा मठ्ठ गडीही जमेत दिसतो. म्हणून कोण कुणाबरोबर आणि कुणाविरुद्ध खेळला हे शेकडो सामन्यांतून ताडून त्यांनी तो हिशेब दुरुस्त केला. आपण निदान एवढे तरी म्हणू शकतो, की तीनदा घर कोसळू लागले आणि तिन्ही वेळा त्याच माणसाने खांब धरला.

आणि हे झाले फक्त फलंदाजीचे. त्याचे खरे ठिकाण होते शॉर्ट लेग, बॅटच्या अगदी पुढ्यात. डोक्यावर शिरस्त्राण नाही, फक्त डोळ्यांवर आणि हातांवर भिस्त. पोर्ट ऑफ स्पेनच्या विजयात त्याने एकाच कसोटीत 6 झेल घेतले. मग इंग्लंडचा दौरा. 24 ऑगस्ट 1971 रोजी ओव्हलवर आपण इंग्लंडमध्ये पहिली कसोटी जिंकली. चंद्रशेखरने 38 धावांत 6 बळी घेतले आणि इंग्लंडचा डाव 101 वर संपला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यात फ्लेचर शून्यावर गेला तो सोलकरच्या हाती झेल देऊन. पहिल्या डावात 90 धावा कुटणारा अ‍ॅलन नॉट एका धावेवर गेला तो वेंकटराघवनच्या चेंडूवर, सोलकरने पुढे झेपावून जमिनीलगत घेतलेल्या झेलामुळे. पहिल्या डावात त्याने 28 धावांत 3 बळी घेतले होते आणि 44 धावा केल्या होत्या, हे सांगितल्यावर पुष्कळांना आठवते.

27 कसोट्यांत 53 झेल, म्हणजे सामन्याला जवळजवळ दोन! हा आकडा तरी वहीत उतरला. पण तो तिथे उभा आहे या धाकाने किती फलंदाजांनी पाय पुढे टाकला नाही, किती फटके मारलेच नाहीत, आणि त्या घुसमटीपायी पुढच्या षटकात भलत्याच ठिकाणी किती जण बाद झाले, हे कुठे लिहिलेले आहे? ते बळी बेदी, प्रसन्न, चंद्रशेखर, वेंकटराघवन यांच्या नावावर गेले. न मारलेल्या फटक्याची नोंद कुठलाही गुणलेखक करत नाही. बेदीने मात्र मोठ्या मनाने सांगून ठेवले आहे, की सोलकर नसता तर आपली गोलंदाजी तशी राहिली नसती. एका गोलंदाजाने आपल्या जमेतून दुसऱ्याचा वाटा असा काढून द्यावा, हाही एक हिशेबच आहे, आणि फार प्रामाणिक हिशेब आहे.

यावर कुणी म्हणेल, मग आकडे फेकून द्या, मन सांगेल तेच खरे. मला ते पटत नाही. आकड्यांत मावत नाही, ही सबब आळशी माणसाला फार सोयीची असते. आमच्या शाळेतही, मी वर्गाला वळण लावतो, ते गुणपत्रकात कसे दिसणार, असे म्हणणारे दोन प्रकारचे शिक्षक असतात: खरोखर वळण लावणारे आणि नुसते म्हणणारे. दोघांना वेगळे काढायचे तर मोजायलाच हवे. फक्त काटा दुसऱ्या जागी टांगायला हवा. कापसाच्या गाठोड्याबरोबर खुरपलेल्या आणि न खुरपलेल्या वाफ्यांचीही तुलना करायला हवी. म्हणजे मग कदाचित खुरपणाऱ्या बाईच्या हातावर रोजाचे दोन पैसे अधिक पडतील.

करंजी खुसखुशीत झाली की आपण सारणाची तारीफ करतो. पिठात कडकडीत मोहन कुणी घातले, ते विचारत नाही. यंदा फराळाला बसाल तेव्हा तेवढे विचारा.

सोलकर 26 जून 2005 रोजी, वयाच्या 57 व्या वर्षी गेला. त्याच्याविषयीची एक गोष्ट मला फार आवडते. लहानपणी हिंदू जिमखान्यावर सामने चालत, तेव्हा धावफलकावरचे आकडे बदलण्याचे काम हा पोरगा करत असे. कुणाच्या तरी धावा, कुणाचे तरी बळी. दुसऱ्यांचे आकडे वर चढवण्यात त्याचा हात तेव्हापासूनच बसला होता.