बाबांचा आवाज आणि ५० सायकल

आमचे मामा बोटीवर खलाशी होते. १९७४ साली त्यांनी अमेरिकेतून स्पूलचा एक जुना टेपरेकॉर्डर आणला आणि श्रीरामपूरला आमच्या घरी ठेवला. पाठीमागच्या पट्टीवर लिहिले होते : ११७ व्होल्ट, ६० सायकल. आपल्या घरची वीज २३० व्होल्ट, ५० सायकलची. म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून व्होल्टेज उतरविणारा ट्रान्सफॉर्मर आणला. विटेएवढा, पण वजनाला भारी. आम्हां भावंडांना त्याला हात लावायची बंदी होती.

१९७८ च्या भीमजयंतीला बाबांनी त्याच मशीनवर आपली गाणी भरली. साखर कारखान्यात पाळी करून आलेला माणूस, घसा बसलेला, पण ऐकणारे जागचे हलले नाहीत. १९८३ साली बाबा गेले. मग ती टेप म्हणजेच आमचे बाबा.

१९८५ साली घरच्या एका लग्नात मांडववाल्याच्या पोराने ट्रान्सफॉर्मर बाजूला सारून पिन थेट बोर्डात खुपसली. दाब जवळजवळ दुप्पट, म्हणजे उष्णता जवळजवळ चौपट. धूर निघाला. टेप तेवढी वाचली.

२०१९ साली नगरला एका जुन्या मशीनवाल्यांकडे ती लावली. बाबा चिरक्या आवाजात पोरासारखे भराभर गाऊ लागले! आई उठून बाहेर गेली. टेप बिघडली, असेच आम्ही धरून चाललो. पण त्या भाऊंनी विचारले, "भरली कोणत्या मशीनवर?"

तेव्हा उलगडा झाला. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, सायकल बदलत नाही. त्या मशीनची मोटर विजेच्या सायकलवर चालणारी. तिकडे सहा फेरे घ्यायची, तिथे आपल्याकडे पाचच. भरतानाही संथ, वाजवतानाही संथ. म्हणून घरात बाबांचा आवाज बरोबर यायचा. नीट चालणाऱ्या मशीनवर तोच धावू लागला. मामांनी आणलेल्या अमेरिकन टेपा रडक्या का वाटायच्या, तेही कळले. आम्ही समजत होतो, तिकडचे लोक असेच गातात!

भाऊंनी कॉम्प्युटरवर वेग उतरवला. १० मिनिटांची टेप १२ मिनिटांची झाली. वाचक बंधू-भगिनींनो, घरात अशी जुनी टेप असेल तर टाकून देण्याआधी ती कोणत्या मशीनवर भरली होती ते आठवून पाहा. सेलवर चालणाऱ्या मशीनला मात्र हे लागू नाही.

आईला आत बोलावले. डोळे मिटून ती ऐकत बसली. दुसरे कडवे संपत आले.

"आता ह्यांना खोकला येईल," ती म्हणाली.

आला.